औषधांच्या खोलीतलं घड्याळ

मिरजेतल्या एका छोट्या दवाखान्यात मी बावीस वर्षं सिस्टर आहे. हल्ली कंटाळा येतो, पण तो रुग्णांचा नाही. माणसांवर नजर ठेवण्याचा.

गेल्या वर्षी आमच्या औषधांच्या खोलीतून दुखण्यावरची इंजेक्शनं नाहीशी व्हायला लागली. डॉक्टरांनी तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात छुपा कॅमेरा बसवला. ठाऊक फक्त त्यांना आणि मला. चोर सापडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं ते म्हणाले आणि मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार?

चौथ्या दिवशी मी एकटीच चित्रण बघायला बसले. थोड्या वेळानं आष्ट्याहून येणाऱ्या आमच्या सफाईच्या मावशी त्या खोलीत आल्या, दार लावलं आणि कामाची साडी नेसायला अंगावरची सोडू लागल्या. मी झटकन स्क्रीन बंद केला. मला स्वतःचीच शिसारी आली. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत रुग्णांच्या जादा खाटा टाकल्यापासून मावशी औषधांच्या खोलीतच साडी बदलायच्या. किल्ली मीच दिली होती.

डॉक्टर माणूस वाईट नाही. ऐकून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी वकिलांना फोन लावला, तर वकिलांनी चांगलंच झापलं. कामाच्या जागी कॅमेरा लावायचा तर पाटी लावा, माणसांना आधी सांगा. आणि बायका कपडे बदलतात तिथे लावणं हा सरळ गुन्हा आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोर चित्रण पुसलं, घड्याळ उतरवलं. मग हळूच म्हणाले, मावशींना कळवायला नको, उगाच मनाला लावून घेतील.

इतकी वर्षं त्यांचं ऐकलं, हे नाही ऐकलं. संध्याकाळी मावशी घरी निघाल्या तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चित्रण मी पाहिलं, डॉक्टरांनी नाही, हेही सांगितलं.

त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. पिशवीत डबा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "मी तितं लुगडं बदलते, हे तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"विसरले हो मावशी," मी म्हणाले. आणि खरंच विसरले होते.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"जाणूनबुजून केलं असतं तर भांडले असते सिस्टर. इसरलासा म्हटल्यावर काय भांडू?"