काकू ओटी भरायला आल्या तेव्हा

इथं हॉलंडमधे माझ्या वकीलबाई सुरीनामच्या, पूर्वी तिकडं नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या घरातल्या. त्यांचं हिंदी वेगळंच, पण मला डचपेक्षा बरं. फोनवर म्हणाल्या, "बेटी, ये केस वापस लेना है." मी आठवी शिकलेली. केस मागे घेतली म्हणजे मिटवलं, एवढंच मला ठाऊक. गावाकडं तसंच असतं, दावा मागे घेतला की दोन्ही घरं एका पंगतीला.

"मग मी खोटी ठरणार का?"

नाही म्हणाल्या. कामाच्या तक्रारी ऐकणारी कमिटी, जिथं मी आधी केस घातलेली, ती फक्त कामावरनं काढलं ते बरोबर का चूक एवढंच बघणार. हात भाजला त्याचं कोर्टात. दोन्हीकडं एकदम चालत नाही, म्हणून इकडनं काढून तिकडं घालायचं. मी हो म्हटलं.

युट्रेख्टला ओळखीच्या एका मराठी काकूंच्या तळघरात डब्याचं स्वयंपाकघर होतं, तिथं मी पोळ्या-भाजी करायचे. लॉकडाऊन लागला नि शिकणारी पोरं, आयटीवाले, सगळेच डबे मागायला लागले. शेगडीचा एक पाय डुगडुगायचा, खाली पुठ्ठा घातलेला. "काकू, हलतीये हो," किती वेळा म्हटलं. "आज जाऊ दे गं, उद्या बघू." एक दिवस पुऱ्यांची कढई कलंडली ती माझ्या उजव्या हातावर. मग काकू म्हणाल्या, "राहा आता घरीच," नि दुसरी मुलगी ठेवली. दोन बोटं अजून मिटत नाहीत. लेकीची वेणी नवरा घालतो, वाकडी.

केस काढली तसं त्यांनाही कळलं असणार, कारण शनिवारी बेल वाजली नि दारात काकू. मास्क लावलेला, हातात खण, नारळ, तांदूळ.

"शहाणी गं माझी पोर. ये, ओटी भरते. झालं गेलं विसरू."

लेकीच्या वेळी आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा बाळंतपणात डिंकाचे लाडू ह्यांनीच आणलेले. आणि ओटीला नाही कसं म्हणायचं? मी स्वेटरचा घेर पुढं धरला. काकूंनी दीड मीटरवरनंच हात लांब करून खण, तांदूळ, नारळ घातला, नि माझ्या उजव्या हातातनं घेर सुटला. नारळ जिन्यावरनं धडधडत खाली. तांदूळ सगळीकडं.

काकू माझ्या बोटांकडं बघत राहिल्या. "अजून?"

"अजून."

मग एका दमात बोलले, थांबले असते तर जमलंच नसतं. "काकू, मिटलं नाही हो. तिकडनं काढली ती कोर्टात घालायला. हाताची."

"कोर्टात? माझ्यावर? पोरीसारखं मानलं मी तुला!"

"मग पोरीसाठी शेगडीचा पाय बसवायचा होता."

माझ्याच तोंडातनं आलं ते. काकूंचे डोळे भरले. माझेही. लेक मागनं डचमधे विचारत होती, आजी का रडते. काकू जिना उतरल्या, नारळ उचलला, खालच्या पायरीवर नीट ठेवला, नि गेल्या. भरलेली ओटी परत नेत नाहीत.

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या वकीलबाईंना फोन लावला. म्हटलं, "डाल दो कोर्ट में."

नारळ खिडकीत ठेवलाय. नवरा विचारतो, फोडू का. मी म्हणते, राहू दे.