धबधब्याकडची उतरण

मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून उभा होतो. ते म्हणाले, दोनदा घरात बसून पोहे खाऊन झाले, तिसऱ्यांदा तेच कशाला. मढच्या पुढं जंगलात एक धबधबा आहे, वीस-पंचवीस मिनिटांची सोपी वाट आहे, रविवारी दोन्ही घरं मिळून जाऊन येऊ. पोरांनाही मोकळं बोलता येईल. मी हो म्हणालो आणि फोन खिशात ठेवला.

माझ्या मुलीच्या डाव्या पायात रॉड आहे. सात वर्षांपूर्वी कॉलेजला जाताना तिची स्कूटी खडीवरून घसरली आणि मागच्या टेम्पोखाली पाय आला. दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण बोटभर आखूड राहिला. सपाटीला ती चालली तर कुणाच्या लक्षात येत नाही. उताराला येतं, आणि थकल्यावर येतं. मुलाकडच्यांना आम्ही हे सांगितलं नव्हतं. आम्ही म्हणजे मी. बायको आणि मुलगी दोघींचं म्हणणं होतं की पहिल्याच भेटीत सांगावं.

मी मेंढपाळाच्या घरातला. वडिलांची मेंढरं थोरल्या भावानं सांभाळली, मला ते जमलं नाही. सोळाव्या वर्षी मी बेल्ह्याच्या बैलबाजारात दुसऱ्याची जनावरं धरून उभा राहायला लागलो आणि पुढं स्वतःची विकायला लागलो. बैल कमी झाले तसा जुन्या ट्रॅक्टरांकडे वळलो. मला कुणी काही दिलं नाही आणि मीही कुणाला काही सोडलं नाही. त्या बाजारात मी पहिल्या वर्षीच शिकलो की बैल पायानं अधू असेल तर त्याला चिखलात उभा करायचा. चिखलात सगळेच बैल पाय ओढून टाकतात. पण घेणारा जाणता असला तर तो हसतो आणि म्हणतो, जरा त्या खडकावर घ्या, उताराला चालवून दाखवा. असं गिऱ्हाईक आलं की जुने व्यापारी तोंड फिरवून तंबाखू मळायला लागायचे.

रविवारपर्यंतचे चार दिवस माझ्या डोक्यात एवढंच होतं. मुलाचा बाप निरगुडसरचा शेतकरी, साधा दिसतो, कमी बोलतो, पण त्याला कुठून तरी वास लागलाय आणि तो माझ्या मुलीला उताराला चालवून बघणार आहे. नशीब लेण्याद्रीला जाऊ म्हणाला नाही, तिथल्या तीनशे पायऱ्यांवर सगळंच उघडं पडलं असतं. हा विचार मनात आला तेव्हाच मी तो धरून ठेवायला हवा होता. पण भ्यालेल्या माणसाला पुढचं दिसत नाही.

आणि मी भ्यालो होतो, कारण एकदा पोळलो होतो. तीन वर्षांपूर्वी आळेफाट्याकडचं एक स्थळ असंच जुळत आलं होतं. सुपारी फुटली की मग सावकाश सांगू, असं मी ठरवलं होतं. त्याआधीच एका लग्नाच्या पंगतीत माझ्या थोरल्या भावानं त्या लोकांना सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. मी भावाच्या दारात जाऊन जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पुढं पोरीचेच हाल झाले असते." तेव्हापासून बोलणं बंद. आमची घरं एका हाकेवर आहेत. दिवाळीनंतर तो मेंढरं घेऊन कोकणात उतरतो तेव्हा मला बरं वाटतं. पावसाळ्यात तो घरी असतो, तेव्हा मी लांबच्या रस्त्यानं जातो. रक्ताच्या माणसानं माझा ठरलेला सौदा मोडला, ही गोष्ट माझ्या घशाखाली कधी उतरली नाही.

शनिवारी मी मुलीसाठी बूट आणले आणि डाव्या बुटात जाड सोल बसवून घेतला. तिला बजावलं, उतार आला की तू सगळ्यांच्या मागं राहा, तुझ्या मागं मी छत्री उघडून असेन. ती नारायणगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, दिवसभर उभी असते. तिनं बूट हातात घेऊन उलटसुलट बघितले.

"पप्पा, त्यापेक्षा मला चिखलातच उभी करा ना."

बायको आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. मी दोघींवर ओरडलो आणि जेवलो नाही.

रविवारी जुन्नरला दोन्ही गाड्या भेटल्या. मुलगा, त्याचे आई-वडील पुढच्या गाडीत, आम्ही तिघं मागं. मुलगा चाकणला कंपनीत आहे, सरळ आहे, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. श्रावणाचा शेवट होता. गणपतीनंतर पितृपक्ष लागणार, तेव्हा त्याआधी होकार-नकार व्हायलाच हवा होता. मढ मागं पडलं, धुकं खाली आलं, आणि मला वाटलं, धुकं असंच राहू दे.

जिथं गाड्या लावायच्या तिथं एका म्हाताऱ्यानं आडवी दोरी बांधली होती. बाकीचे लोक तिथंच गाड्या लावून चालत निघाले होते. आपली गाडी आणखी आत नेता आली तर तेवढंच चालणं वाचेल, म्हणून मी घासाघीस करायला काच खाली केली. पण म्हाताऱ्यानं न बोलता दोरी सोडली. पुढच्या गाडीवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणाला, दोन्ही गाड्या बांधापर्यंत येऊ द्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट भीती वाढली. कुणी कुणाची उगीच सोय करत नाही.

भातखाचराच्या बांधावरून वाट सुरू झाली. पाऊस नव्हता, नुसता भुरभुरा ओलावा होता. बांधाच्या कडेनं सोनकी फुलली होती. बायका पुढं, पोरं मध्ये, मी मुलीच्या अगदी मागं. मुलाचे वडील सगळ्यात पुढं चालत होते आणि दर पाच मिनिटांनी थांबून मागं वळत होते. "जरा थांबू राव, दम लागला," म्हणायचे. उसात दिवसभर राबणारा माणूस, बांधावर चालून त्याला दम कसला लागणार. ते वळले की मी पुढं होऊन छत्री खाली करायचो आणि मुलीचा पाय झाकून उभा राहायचो. ती दातओठ खात हळूच म्हणाली की तुमची छत्री माझ्या मानेला टोचतेय.

मग झाडी लागली. हिरडा, जांभूळ, खाली शेवाळलेले दगड. माणसं अशा ठिकाणी हिरवळ बघतात. मी फक्त जमीन बघत होतो. कुठला दगड हलतोय, कुठं पायरी उंच आहे, कुठं डावा पाय आधी पडेल. धबधब्याचा आवाज यायला लागला आणि वाट एकदम खाली वळली. मोजून पंधरा-वीस दगडी टप्पे, पण उतरण. तिसऱ्या टप्प्यावर तिचा पाय अडखळला. मुलानं हात पुढं केला. मी मोठ्यानं बोलून गेलो, "ओलं आहे, कुणाचाही पाय सटकेल." कुणी काही विचारलंच नव्हतं. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं. पुढचे टप्पे मी मोजले नाहीत, नुसती तिची पावलं ऐकली. एक लांब, एक आखूड. मला ती इतकी मोठी ऐकू येत होती की साऱ्या जंगलाला ऐकू जात असतील असं वाटत होतं.

धबधबा फार मोठा नाही. दोन माणसांच्या उंचीच्या काळ्या कातळावरून पाणी पडतं आणि खाली गुडघाभर डोह होतो. पण आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. मुलाच्या वडिलांनी मला अलीकडच्या दगडावर बसवलं आणि खिशातून चुन्याची डबी काढली. बायका आणि मुलगी डोहाच्या पलीकडे गेल्या. मुलगा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधत त्यांच्यामागं गेला.

मी बघत असतानाच मुलीनं बूट काढले. मग मोजे काढले. मग दगडावर बसून तिनं डाव्या पायाची सलवार गुडघ्याच्या वर सरकवली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाक्यांचा वण आहे, मधे मांस खोल गेलेलं आहे. तिनं पाय पाण्यात सोडला नाही, तसाच समोर धरला आणि मुलाच्या आईशी बोलायला लागली. बाई खाली वाकली. मुलगा उकिडवा बसला. माझी बायको तोंडावर पदर धरून उभी होती. तिघं बोलत होती, मान हलवत होती, बोटानं दाखवत होती, आणि पाण्याच्या आवाजात मला एक अक्षर कळत नव्हतं. आयुष्यभर मी एकही सौदा कानाआड होऊ दिला नाही. हा एक माझ्या डोळ्यांसमोर चालला होता आणि मला तो ऐकू येत नव्हता.

मी उठलो. तिला थांबवायचं, का माफी मागायची, का खोटंच काहीतरी ठोकून द्यायचं, तेही ठरलं नव्हतं. मुलाच्या वडिलांनी माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढून बसवलं. कानाशी येऊन ते म्हणाले,

"बसा पावणं. आमाला माहीत हाय."

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"तुमच्याकडं यायच्या आधी तुमच्या थोरल्याकडं गेलतो. चौकशी कराया नको का? त्यांनीच सांगितलं. पायात रॉड हाय, उताराला तरास व्हतो, पण पोरगी त्याच पायावर उभी ऱ्हाऊन शिकली आन नोकरीला लागली. पोराला तवाच सांगितलं. त्याचं काय म्हणणं न्हाई."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. परत तोच. मी म्हणालो, त्याला काय अधिकार, माझ्या घरातलं सांगायचा. ते शांतपणे तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले की थोरला आणखी एक बोलला होता.

"म्हणाला, माझा भाऊ हे तुमाला सांगणार न्हाई. वंगाळ नका समजू, त्यानं खोडी झाकूनच संसार उभा केलाय."

पाणी पडत होतं. मी विचारलं की मग आज इथं कशाला आणलं, चालवून बघायला? ते पहिल्यांदा नीट माझ्याकडे वळले. माझ्या बोलण्याचा अर्थच त्यांना लागला नव्हता. घरच्यांनी आधी लेण्याद्री ठरवलं होतं, म्हणाले, पण पायऱ्या लई, म्हणून ही वाट काढली. आदल्या रविवारी स्वतः येऊन चालून गेले होते. एकांतात बसलो तर तुम्ही मनातलं बोलाल, असं वाटलं होतं.

"दोन बैठका वाट बघितली राव. तुमी बोलला न्हाई. पोरीची मला काय भीती न्हाई. भीती वाटती ती तुमची. उद्या आनखी काय झाकाल, कुनाला ठावं."

स्थळ जात होतं. पायापायी नाही, माझ्यापायी. मी विचारलं, तुमचं म्हणणं काय आहे ते सांगा.

त्यांचं म्हणणं एकच होतं. सुपारीच्या बैठकीला माझ्या शेजारी थोरला भाऊ बसलेला पाहिजे. जो खरं बोलला त्याच्या शब्दावर आम्ही सोयरीक करू.

मी सवयीनं घासाघीस सुरू केली. म्हणालो, लग्नात त्याला पुढं बसवतो, बैठक आपल्या दोघांतच होऊ दे. ते गप्प. म्हणालो, फोनवर त्याच्याशी बोलणं करून देतो. ते गप्प. म्हणालो, त्याच्या मुलाला आणतो. त्यांनी तंबाखू दाढेत धरली आणि पाण्याकडे बघत राहिले. बाजारातही मी ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कधी भ्यालो नाही. न बोलणाऱ्यापुढं मात्र नेहमी मीच खाली आलोय.

पलीकडे मुलीनं पाय पाण्यात सोडला होता. मुलाच्या आईनंही साडी वर खोचून दोन्ही पाय सोडले होते आणि दोघी कशावर तरी हसत होत्या. मुलीनं माझ्याकडे बघितलं. ती हसायची थांबली. मुलाचे वडील मला काय म्हणाले, एवढंच तिला माझ्या चेहऱ्यावरून वाचायचं होतं. पाय दाखवला तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की त्यांना आधीपासून माहीत आहे. तिनं सगळं पणाला लावून पाय पुढं केला होता, आणि मी छत्री घेऊन बसलो होतो.

"आणतो," मी म्हणालो.

परतताना चढ होता. मी मुद्दाम पुढं चाललो, मागं वळून बघितलं नाही. एक लांब, एक आखूड. मुलाचे वडील आता कुठंच दम लागला म्हणून थांबले नाहीत. तेच म्हणाले, "दमली का गं पोरी?" आणि ती म्हणाली, "दमले." मग सगळेच थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवळच्या रस्त्यानं भावाच्या घराकडे गेलो. रात्रभर मी त्याला सुनवायच्या गोष्टी जुळवत होतो आणि त्यातली एकही कमी झाली नव्हती. तो मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. या कामाला दोन माणसं लागतात, एकानं जबडा धरायचा, दुसऱ्यानं ओतायचं. तो एकटाच मेंढी गुडघ्यात दाबून झटत होता आणि निम्मं औषध त्याच्या धोतरावर सांडत होतं. त्यानं वर बघितलं. मी चपला काढल्या, आत गेलो आणि मेंढीचा जबडा धरला. आठ-दहा मेंढ्या तशाच झाल्या. माझी पकड अजून शाबूत होती, ते त्यानं बघितलं.

"येत्या रविवारी पोरीची बैठक हाय," मी म्हणालो. "तुला यायला पायजे. त्यांची अट हाय."

"सांगितलंस का त्यास्नी?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याला कळलंही नसतं, निदान रविवारपर्यंत.

"म्या न्हाई. पोरीनं सांगितलं. स्वतःहून, पाय दाखवून."

त्यानं नळी मेंढीच्या तोंडात घातली, औषध ओतलं, तिचा घसा वरून खाली चोळला. मेंढी उठून पळाली.

"मग येतो," तो म्हणाला. "ती काळी धर. लई चावते."