जावयाची जीप

पुढच्या वर्षी कुठल्या बसला किती माणसं येतील, याचे अंदाज बांधणं ही माझी नोकरी. माणूस बस का सोडतो? भाडं, वेळ, गर्दी, सगळं मी हिशोबात धरते. फक्त जावई कुठे बसवायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. बाजाराला जायला कुणाला कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे आमच्या गावची सकाळची बस बाभुळगावपर्यंत रिकामीच पळायची. ती बंद करण्याआधी एसटीचे एक साहेब दिवसभर फाट्यावर प्रवासी मोजणार होते. बस गेली की माझं कॉलेज गेलं. पोरगी रोज काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून पाठवायची नाही, असा बाबांचा हुकूम होता.

मग आईनेच घरोघरी आवतण दिलं. मोजणीच्या सकाळी बायका ठेवणीतली लुगडी नेसून, भाकरी बांधून फाट्यावर हजर. जागा धरायला खिडक्यांतून रुमाल पडले, पिशव्या पडल्या, एकीने तर चप्पलच टाकली. साहेब दारातच चेपले गेले. लग्न कोणाकडे आहे, असं कंडक्टरने विचारलं आणि हसून हसून माझं पोट दुखलं.

बाभुळगाव आम्ही पालथं घातलं आणि काहीही विकत न घेता परतीच्या बसची वाट बघत बसलो. तेवढ्यात एक काळी-पिवळी समोर थांबली. चालवणारा आमच्या गावचा जावई. तो "बसा" म्हणाला आणि मावतील तेवढ्या मुकाट्याने बसल्या. आईने मलाही आत ओढलं. उरलेल्यांसाठी तो दुसरी खेप करणार होता.

गावच्या फाट्यावर साहेब कागद घेऊन उभेच होते. जीपमधून एकेक लुगडं उतरताना बघून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. बस असून तुम्ही जीपच घेता, म्हणजे सकाळचं सगळं सोंग होतं, असं ते म्हणाले.

"जावई हायेत आमचे," आई म्हणाली. "त्यायले नाही कसं म्हणाव, साहेब?"

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावई खाली उतरला, आधी साहेबांच्या, मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने डोकं खाजवलं.

"सकायची गाडी राहू द्या, साहेब. पोरगी शिकून राह्यली. अन् नऊच्या आधी माह्यी जीप काय, मी बी सुरू होत नाही."

साहेब इतके हसले की कागद सांभाळता येईनात. त्यांनी टोपण पुन्हा काढलं.

बस राहिली. दुसऱ्या दिवशी मी आनंदाने अक्षरशः नाचत फाट्यावर गेले. बसमध्ये शुकशुकाट होता. एकाच सीटवर रुमाल टाकलेला, आणि शेजारी डोळे चोळत जावई बसलेला. जीप रात्री गावातच बंद पडली होती.