मुळं वर, पानं खाली

पाडव्याची गुढी आम्ही सोफ्यामागे उभारली आणि असिरियन लोकांना भेटायला निघालो. गुढी सोफ्यामागे, कारण क्युपर्टिनोत माझा मुलगा निखिल राहतो त्या सोसायटीत बाल्कनीबाहेर चिंधीसुद्धा दिसलेली चालत नाही. आणि असिरियन लोक, कारण माझी नात ईरा सहावीत आहे आणि तिला त्या आठवड्यात वर्गात ‘असिरियन साम्राज्याचा उदय आणि अस्त’ या विषयावर बोलायचं होतं. निखिलच्या ऑफिसात निनोस नावाचा एक जण आहे. तो म्हणाला, माझी आई असिरियन आहे, टरलॉकला राहते, तिलाच येऊन विचारा. ईराने मला बाजूला घेऊन सांगितलं, “आजी, दॅट्स नॉट पॉसिबल. ते सगळे केव्हाच संपले.”

टरलॉक पूर्वेला, दोन-अडीच तासांवर. वाटेत हिरव्यागार टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांग लागते आणि टेकड्या उतरल्या की सपाट खोरं. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा. बहर ओसरून गेला होता, फांद्यांना बोटाच्या पेराएवढे लवदार हिरवे बदाम धरले होते. ईरा मागच्या सीटवरून स्लाइड वाचून दाखवत होती. पंखांचे बैल, लोखंडी हत्यारं, हरलेल्यांची कातडी सोलणारे राजे, मातीच्या विटांवर लिहिलेली पुस्तकं. साम्राज्य चढायला तिला पुष्कळ स्लाइड लागल्या, पडायला एकच: बॅबिलोनवाले आणि मीड चालून आले, निनेवे जळलं, द एंड. मेलेल्या राजांबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, त्यांची हौस फिटलेली असते. ऐकण्याच्या नादात निखिलचा एक्झिट चुकला आणि त्याने तो दोष फोनमधल्या नकाशावर ढकलला.

घर बैठं, पांढरं, मागे छोटी बाग. पण अंगणभर खोकी. निनोसने दारातच सांगितलं की घर विकलं आहे, उद्या किल्ल्या द्यायच्या आणि आईला सॅन होजेला त्याच्या फ्लॅटवर न्यायचं. गुडघे गेले, एकटीला होत नाही.

दाराच्या चौकटीला गवताची आणि रानफुलांची एक जुडी टांगली होती, तीही उलटी. मुळं वर, पानं खाली. सामानाच्या घाईत कोणीतरी अडकवली असणार, असं मी धरून चालले. वाकडं काही दिसलं की माझा हात आपोआप जातो. मंडळी बूट काढत होती तेवढ्यात मी ती सोडवली आणि छान सरळ करून बांधली.

निनोसची आई, शमीरानबाई, काठी टेकत बाहेर आल्या. स्वागताला पुढे केलेला हात तसाच राहिला. त्या मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, त्याने उत्तर इंग्रजीत दिलं. आमच्याच घरची रीत, लगेच ओळखू आली. मग त्याने अवघडून सांगितलं, ती ‘दिक्ना द-नीसान’ (नीसानची दाढी) होती. नीसान हा वर्षाचा पहिला महिना. तो लागताना घरच्या मुली रानातून हिरवळ आणतात आणि मुळं वर करून दारावर टांगतात. ह्या घरात आता मुली नाहीत, नाती टेक्सासला आहेत. म्हणून पहाटे आई स्वतःच बागेत गेली होती. तसल्या गुडघ्यांनी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागून मी म्हटलं, आमच्याकडे उलटं टांगलेलं बरं दिसत नाही.

ईरा म्हणाली, “पण आजी, गुढीवरचा आपला तांब्या पण अपसाइड डाउनच असतो ना?”

सकाळी तो मीच ठेवला होता.

फोनवर गुढीचा फोटो दाखवला. शमीरानबाईंनी तो मोठा करून कडुलिंबाची डहाळी, साखरेच्या गाठी, साडी, सगळं विचारून घेतलं. उलट्या तांब्यापाशी त्या हसल्या. मी सोडलेली जुडी मात्र त्यांना परत बांधायची नव्हती. ईराचा हात धरून त्या बागेत गेल्या आणि दोघींनी ओंजळी भरून नवी हिरवळ आणली. ईराने विचारलं, तुम्ही खरंच ते असिरियन आहात का? मग साम्राज्य पडल्यावर काय झालं?

“राजे पडले,” बाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “आम्ही द्राक्षं लावत होतो.”

त्यांचं गाव इराणात, उर्मिया तळ्याकाठी. तिथून त्या लग्नानंतर इकडे आल्या. जेवायला बुशाला (पालेभाज्या घातलेली ताकाची कढी) होता, आपल्या ताकातल्या भाजीची थोरली बहीणच. वर कादे (लोण्या-पिठाचं सारण भरलेली जाड रोटी) आणि काळा चहा. चहा पिताना बाईंनी मुलाला विचारलं, तुझ्याकडे ही कुठे टांगायची? निनोस म्हणाला, बिल्डिंगमध्ये दारावर काही लावू देत नाहीत, मॉम, बघू. निखिलने आमच्या सोफ्यामागच्या गुढीचं सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, हिला दारच लागतं. अर्धे भरलेले कप त्यांनी आवरायला घेतले तेव्हा मला फार वाईट वाटलं. राजांसाठी वाटलं नव्हतं तेवढं.

हिरवळीच्या दोन जुड्या झाल्या होत्या. एक ईराने स्टुलावर चढून चौकटीला बांधली, मुळं वर. ती उद्या नवा मालक काढून टाकणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुसरी बाईंनी मुलाच्या हातात दिली. त्याने ती गाडीच्या डिकीत, खोक्यांच्या फटीत सारली.

आम्ही परतलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. सोफ्यामागची गुढी उशिराच उतरवली. सोसायटीच्या नियमाला मी सकाळी नावं ठेवली होती, पण उतरवताना वाटलं, आपल्यालाही इथे सोफ्यामागे का होईना, जागा काढता आली. त्या बाईंना मिळेल का, एवढाच विचार डोक्यात राहिला.

दोन दिवसांनी निनोसकडून एक फोटो आला. त्याच्या फ्लॅटचं मुख्य दार, आतल्या बाजूने. दाराच्या साखळीला जुडी बांधलेली, थोडी सुकलेली, मुळं वर. कडेला म्हाताऱ्या हाताची दोन बोटं.

ईराने निनेवे जळाल्याची स्लाइड ठेवली, फक्त ‘द एंड’ काढलं आणि पुढे तो फोटो लावला. शाळेतून आल्यावर तिने सांगितलं, फोटो पाहून टीचर म्हणाल्या, उलटा लागलाय, फिरव.

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, नो, तो सरळच आहे.”