बोंडाची शिवण

ऑगस्ट २००२, मंगळवार, सकाळचा साडेदहाचा राउंड. नाशिकच्या एका रुग्णालयातल्या पुरुष वॉर्डात आमच्या लॅबमामांचं म्हणणं हसण्यावारी नेलं गेलं. मामा खरं बोलत होते. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं नंतर.

मामा आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण सातवी. बरण्या पुसायच्या, काचपट्ट्या धुवायच्या, नमुने मांडायचे. पण वस्तू हाताळल्याशिवाय तिचं नाव सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा. "आधी बोट लाव, मंग नाव इचार." सर फळ्यावर शब्द लिहायचे, आम्ही घोकायचो, आणि मामा मागून येऊन कुणाच्या तरी तळहातावर काहीतरी ठेवून जायचे.

१९९८च्या पावसाळ्यात माझ्या हातावर तेरड्याचं फुगलेलं बोंड आलं. मखमलाबादच्या मळ्याच्या बांधावरून ओल्या फडक्यात जपून आणलेलं. मी दाबलं. फट्‌कन फुटलं, बिया वहीभर. मी किंचाळले.

"बोंडाला घाबरली! डिहिसन्स. म्हण."

"डिहिसन्स."

"मोठ्यानं. बोंडाला लाजती का?" मग त्यांनी फुटलेल्या सालीची कड दाखवली. "ही शिवण. पिकलं की हितंच उसवतं. डॉक्टर लोक जखमेलाबी हाच शब्द लावत्यात. बोंड उसवलं तर बी सांडतं. पोट उसवलं तर माणूस."

चार वर्षांनी मामांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा पोटावरची पट्टी गुलाबी पाण्याने भिजली होती. मामांनी बोट लावून पाहिलं होतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांना ते म्हणाले, "साहेब, डिहिसन्स व्हायला लागलंय. पट्टी उघडून बघा एकदा."

डॉक्टर शिकाऊ पोरांकडे वळले. "चला, आज मामा क्लास घेणार. कुठं शिकलात हो?"

"बोंडाकडून, साहेब."

वॉर्ड हसला. पट्टी न उघडताच घरी सोडायचा कागद लिहिला गेला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द मला येत होता. पदवी होती. कॉलेजच्या मोर्चात घोषणांचा माइक माझ्या हातात असायचा. मी म्हणाले, "मामा, त्यांना कळतं हो."

"बरं बाई," मामा म्हणाले. तेवढंच.

गुरुवारी सकाळी घरी त्यांना शिंक आली आणि टाके उसवले. शनिवारी मामा गेले. मी रडले नाही. अजून नाही. दर भाद्रपदात बांधावर तेरडा फुलतो. मी बघते आणि पुढे जाते.

तुम्ही हळहळू नका, त्याचा उपयोग नाही. तुमच्या माणसाच्या खाटेशी उभे असाल आणि तो म्हणाला, "इथं बघा," तर डॉक्टरांच्या वाटेत उभे राहा. पट्टी उघडायला लावा. मगच बाजूला व्हा.