आखाजीत आलेला सर्वे

आमच्या गल्लीला पालिकेकडून जे काही मिळालं ते मार्च महिन्यात मिळालं. वर्षभर नगरसेवकांकडे खेटे घातले की ते हसून चहा पाजायचे आणि 'बघू' म्हणायचे. मार्च उजाडला की मात्र उरलेली ग्रँट संपवायची त्यांना घाई व्हायची आणि टेम्पो भरून सिमेंटची बाकडी यायची, पाठीवर त्यांचं नाव कोरलेली. आम्ही मागितली होती गटारावर झाकणं आणि खाडीच्या टोकाला एक दिवा. पुढच्या मार्चला पुन्हा बाकडी. गल्लीत आता माणसांपेक्षा बाकडी जास्त झालीत, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं, तेव्हा आईने मला मागून चिमटा काढला होता. माझ्या जिभेला हाड नाही हे तिचं लाडकं मत.

खरं सांगायचं तर त्या बाकड्यांनी आमची सोय केली. दुपारी बायका त्यांवर बसून साड्यांना लेस लावायच्या, संध्याकाळी लूम्सच्या खात्यातून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून सुटलेले पुरुष त्यांवर पाठ टेकायचे. सुरतेला बमरोलीत खाडीला चिकटून असलेली आमची ती गल्ली सगळी खानदेशातली, कुणी धुळ्याकडचं, कुणी नंदुरबारकडचं. घरात अहिराणी, खात्यात हिंदी, दुकानात गुजराती. आमच्या घरात पाच जण: आई, भाऊ, वहिनी, त्यांची लहानगी आणि सासरहून परत आलेली मी. मी मार्केटात एका साडीच्या दुकानावर बिलं करायला जाते, म्हणून गल्लीत कुणालाही गुजरातीत भांडायचं असलं की माझी आठवण व्हायची.

आमच्या भिंतीला भिंत लागून मावशीचं घर. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. भाऊ होते गावी, पण बोलावणं कधी आलं नाही. मला ताप आला की आई डॉक्टरकडे न्यायच्या आधी मावशीकडे न्यायची, आणि निम्म्या वेळा काम तिथेच भागायचं. ती सिद्धार्थनगरातल्या बुद्धविहारात जायची, आमच्या कानबाईच्या सणाला रात्रभर गाणीही म्हणायची, आणि दोन्हींकडे तिचाच आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

पावसाळ्यात खाडी घरात यायची. भांडी माळ्यावर, माणसं बाकड्यांवर. मग एका वर्षी पालिकेने ठरवलं की खाडीकाठ मोकळा करायचा, भिंत बांधायची आणि काठावरच्या लोकांना भेस्तानला आवास योजनेच्या इमारतींत घरं द्यायची. पक्कं घर, आत नळ, आत संडास. आई त्या दिवसांत उगाचच भांडी घासून चकचकीत करायची. आमच्यासारख्यांना शहराने स्वतःहून काही देऊ करावं, याची तिला सवय नव्हती.

घर मिळायचं तर सर्वेत नाव यायला हवं होतं. खांबावर सूचना चिकटवली होती, तारखा होत्या, मी वाचूनही दाखवल्या. नेमकी त्याच आठवड्यात आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. आता खानदेशी माणसाला आखाजीला सुरतेत थांब म्हणणं म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्याला कळायचं नाही. लेकी माहेरी निघतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, घरोघर आमरस. उधना स्टेशनावरून सुटणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांनी एकच हिशेब केला: पालिकेची तारीख पुढे जाते, आखाजीची जात नाही. मीही तोच केला. घरोघरी कुलपं लागली आणि किल्ल्या नेहमीप्रमाणे मावशीकडे दिल्या, कारण ती एकटीच मागे राहायची.

आणि पालिका, आमच्या नशिबाने, पहिल्यांदाच वेळेवर आली.

पुढचं सगळं आम्हाला नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. सर्वेवाला तरुण होता, उन्हाने वैतागलेला. ज्या घराला कुलूप ते बंद लिहायचं, असा त्याला हुकूम होता. बंद म्हणजे तिथे कुणी राहत नाही, म्हणजे घर नाही. मावशीने त्याला गल्लीच्या तोंडाशी ताकाचा ग्लास देऊन बसवलं आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे पळाली. एकेक दार उघडलं. कुठे गॅसवर पाणी ठेवलं, कुठे दोरीवर लुगडं टाकलं. तो आला की म्हणायची, ही बाजारात गेलीय, याची दिवसपाळी आहे, ही दवाखान्यात. तो लिहीत गेला. आयुष्यभर खोटं न बोललेली बाई त्या एका दुपारी सगळा साठा संपवून बसली.

शेवटी दोनच दारं उरली, आमचं आणि तिचं, दोन्हींना कुलूप. इथे त्या मुलाला संशय आला. तो म्हणाला की आता बास झालं, माणूस समोर दिसल्याशिवाय मी लिहिणार नाही. तुमचं स्वतःचं घर यातलं कुठलं?

तिने आमच्या दाराकडे बोट दाखवलं आणि आईचं नाव सांगितलं.

आम्ही गावाहून कैऱ्या आणि पापड घेऊन परतलो तेव्हा ती काही बोलली नाही. किल्ली दिली, लहानगीचा पापा घेतला. पुढे वॉर्ड ऑफिसात पात्र लोकांची यादी लागली, त्यात सगळी गल्ली होती आणि ती नव्हती; तिचं घर बंद लिहिलेलं होतं. मला वाटलं छपाईची चूक. मी तावातावाने भांडायला निघाले, तेव्हा तिने माझा हात धरून बसवलं आणि आईला खरं काय ते सांगितलं. आईला पहिल्यांदा ते कळेचना. का केलंस असं, म्हणून विचारत राहिली.

"तुम्हना घरमा पाच जन," मावशी म्हणाली, "मी एकली. एकलीले काय, कोठेबी पडसु."

आई त्या दिवशी जेवली नाही. मीही नाही, पण मी रागाने. मावशीवरच राग आला होता मला. कुणी न मागता एवढं देतं, तेव्हा घेणाऱ्याने तोंड कुठे लपवायचं?

मावशीच्या नावाने यादीवर हरकत नोंदवली आणि नगरसेवकांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला. मग आवाज खाली करून म्हणाले की एका घरासाठी अख्खी गल्ली बुडवू नका, पुढच्या योजनेत बघू. समोरच्या काकांचंही तेच म्हणणं पडलं. काका लूम्सच्या खात्यात मुकादम, गल्लीतला वजनदार माणूस, मावशीला अक्का म्हणणारा. बाकड्यांवर सगळे जमले तेव्हा ते म्हणाले, हरकतीची सुनावणी आहे ना, तिथे सांगू की अक्का दवाखान्यात होती. कुणीतरी विचारलं, कागद मागितला तर? खरं बोललं तर आपली घरंही बंद होती हे सांगावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणालाच ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. खाडी बघितलेल्या माणसांना मी दोष तरी काय देऊ? मावशी तिथेच बसून लेस लावत होती. विषय तिचा नसल्यासारखी.

सुनावणीला झोन ऑफिसात आम्ही तिघी गेलो, मावशी, आई आणि बोलायला मी. काका आणि आणखी चारदोन जण मागे उभे. साहेब गुजराती, वयस्क, चष्मा कपाळावर. त्यांनी शांतपणे विचारलं की बेन, सगळ्या गल्लीत माणसं होती, तुमच्याच घराला कुलूप कसं? मावशीने ठरल्याप्रमाणे दवाखान्याचं सांगितलं. कुठला दवाखाना, त्यांनी विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. त्या दुपारी गल्लीभर खोटं पेरणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक धड खोटं बोलता येईना.

तेव्हा आई उठली. माझी आई, जी बँकेतल्या शिपायालाही साहेब म्हणते.

"साहेब, ती तिना घरमा नव्हती, कारन ती मना घरमा उभी व्हती. कुलूप मना घरले व्हतं."

साहेबांना अहिराणी कळली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तो क्षण मला अजून आठवतो, कारण तो सगळा माझ्या हातात होता. आई जे बोलली ते गुजरातीत कसं सांगायचं हे मी ठरवणार होते. थोडं गोलगोल बोलले असते तर कुणाला कळलंही नसतं. मागे काका उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला भेस्तानचं ते घर दिसत होतं, आतला नळ, लहानगीचा कोरडा बिछाना. पण आई माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होती ना, तिला वाटतच नव्हतं की मी दुसरं काही सांगेन. मी शब्दाला शब्द सांगितलं.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. विचारलं, मग बाकीच्यांच्या घरांचं काय? मी आईला विचारलं.

"बठ्यास्ना," आई म्हणाली. सगळ्यांचीच.

तेही मी सांगितलं.

साहेबांनी फाइल पुढे ओढली. मग त्यांनी आधीचा सर्वे रद्द करून अख्ख्या गल्लीचा नव्याने करायला लिहिलं. बाहेर आल्यावर मावशी आईवर अशी भडकली की जिन्यावरचे लोक थांबून बघायला लागले. आई शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुले सोडीसन मी तठे कशी ऱ्हासु व माय?" दोघी जिन्यावरच बसल्या आणि रडल्या, आणि मी उभी राहून कुणी ओळखीचं बघत नाही ना ते बघत राहिले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. नवा सर्वे येईना आणि पावसाळा आला. खाडी उंबऱ्याला लागली की गल्ली आमच्या दाराकडे बघायची. वहिनीशी बायका नळावर बोलेनात. भाऊ माझ्यावर चिडला होता. काकांनी तर आईकडे बघणंच सोडलं. मावशीला ते रोज दिसत होतं. एकदा तिने आईला सांगितलं की मी माझी हरकत मागे घेते. आईने तिला सांगितलं की घेऊन तर बघ, मग माझ्या घरात पाय ठेवू नकोस. अशा या दोघी.

घर मिळालं, हे इथेच सांगून टाकते. मावशीला, आम्हाला, सगळ्या गल्लीला. भेस्तानला ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद पडली की पालिकेला अहिराणीत शिव्या घालते. पण मला सांगायचाय तो नव्या सर्वेचा दिवस.

दिवाळीनंतर तो आला. त्या दिवशी गल्लीतून कुणी हललं नाही, कामावरसुद्धा नाही. साहेब स्वतः आले होते. दारोदारी बघत ते शेवटी मावशीकडे पोचले. म्हणाले की आधी हे घर बंद लिहिलं गेलंय, तेव्हा ही बाई इथेच राहते असं शेजारच्या दोघांनी सही करून सांगावं लागेल. आई पुढे झाली. दुसरं कोण, म्हणून साहेबांनी मागे पाहिलं. गर्दीतून काका आले. आईकडे न बघता त्यांनी सही केली.

आता हे सांगायला हवं, आणि सांगताना मला बरं वाटत नाही. किल्ल्या काका मावशीकडे ठेवायचे, त्यांची पोरं तिच्या मांडीवर वाढली, पण गावाकडच्या माणसांसारखं त्यांनी तिच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. मावशीलाही. त्यावर कुणी कधी शब्द काढला नाही, तिने तर नाहीच.

सही करून काका जायला वळले आणि उंबऱ्याशीच थांबले. पेन हातातच होतं. मग खाली मान घालून म्हणाले, "अक्का, पानी दे."

मावशीने माठातून ग्लास भरला. सगळी गल्ली माना उंचावून बघत होती, साहेबांना कशासाठी ते कळत नव्हतं. तिने ग्लास पुढे केला, पण लगेच सोडला नाही.

"पी ले भाऊ," ती म्हणाली. "गिलास मातर धुईसन ठेवजो."

काका उभ्यानेच सगळं पाणी प्यायले. मग चप्पल काढली, सगळ्यांच्या देखत आत मोरीवर जाऊन बसले, आणि ग्लास राखेने घासून, धुऊन, तिच्या फळीवर तिच्या भांड्यांत उपडा ठेवला.