आनंदीताईंची पाठ आणि स्वरालीचा ढोल

सदाशिव पेठेतल्या आनंदीताईंची पाठ आयुष्यात एकदाच धरली होती, पण पुढचा सगळा संसार त्यांनी त्या एका कळेवर चालवला. गादी उलटताना ती कळ आली आणि पंधरवडाभर त्या आडव्या होत्या. उठल्या त्या फर्मान घेऊनच. काहीही उचलायचं तर आधी गुडघे वाकवायचे, वस्तू पोटाशी धरायची, आणि ओझं दोन्ही हातांत सारखं.

शेवटच्या कलमाचा जाच त्यांच्या यजमानांना, श्यामसुंदररावांना. मंडईतून कलिंगड आणायचं तर दुसऱ्या हातात तेवढ्याच वजनाचा भोपळा आलाच. उन्हाळाभर घरात एक दिवस कलिंगड आणि चार दिवस भोपळा.

"अगं, दोन्ही हातांत कलिंगडंच आणली तर?"

"दोन कलिंगडं संपवायला आपण काय हत्ती आहोत?"

अशा घरात एका संध्याकाळी मुलीने, स्वरालीने, जाहीर केलं, "आई, मी ढोल पथकात नाव दिलंय."

तव्यावरची पोळी करपली. "तो कमरेला बांधतात तो ढोल? सगळं वजन पुढे! आणि मागे काय?"

"मागे मी असते ना."

"तू पुरणार नाहीस."

"मग मागे भोपळा बांधा," श्यामसुंदरराव पेपराआडून म्हणाले. त्यांचा तो विनोद होता. आनंदीताईंना उपाय वाटला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या सरावाला स्वराली पाठीवरच्या सॅकमध्ये भोपळा घेऊन पोचली, आणि तिच्यामागे आई. पथकप्रमुख सलिलने सॅकमध्ये डोकावून पाहिलं.

"काकू, हा कुठल्या तालात वाजतो?"

"वाजत नाही, तोल सांभाळतो. आणि ऐका, आज इथे एकाची जरी पाठ दुखली, तरी माझी मुलगी ढोल बांधणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

स्वरालीचा चेहरा उतरला. शाळेत असल्यापासून तिला याच पथकात वाजवायचं होतं.

सलिल हसला नाही. त्याने सगळ्यांना ढोलापुढे बसवलं. "गुडघ्यांतून उठायचं. ढोल अंगाशी घट्ट. पाठ दुखायला लागली की सोडून बाजूला व्हायचं, मर्दुमकी नको." आपलं फर्मान दुसऱ्याच्या तोंडून आनंदीताई पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि चक्क कोणी डोळे फिरवत नव्हतं. त्यांनी स्वतःच सॅक उतरवून घेतली.

ढोल सुरू झाले. आनंदीताई एकेकाची पाठ तपासत होत्या. मग त्यांची मान हलायला लागली. मग पाय. लेक काय वाजवत होती! तेवढ्यात स्वरालीच्या हातातलं टिपरू निसटून आईच्या पुढ्यात पडलं.

"थांब, मी देते!" म्हणत आनंदीताई ताठ गुडघ्यांनी खाली वाकल्या. वर मात्र आल्या नाहीत.

ढोल थांबले. "आई! पाठ धरली?"

स्वरालीच्या आवाजात रडू होतं. ते कशासाठी, हे आईला वाकल्या वाकल्या कळलं.

"कोणाची पाठ? छे!" त्या जमिनीला म्हणाल्या. "मी वाद्याला नमस्कार करतेय."

"एवढा वेळ, काकू?"

"श्रद्धा आहे माझी. तुम्ही वाजवा."

"आणि मी उद्या येऊ?" स्वरालीने विचारलं.

"ये. पण टिपरू पडलं तर आधी गुडघे."

रिक्षा घेऊन श्यामसुंदरराव आले. त्यांनी एका हाताने बायकोला धरलं, आणि कोणी काही बोलायच्या आत दुसऱ्या हातात भोपळा घेतला.